अर्जाची नक्कल

आठवड्यातून दोन दिवस शिकवणीसाठी मी इंदूरहून महूला जातो. अंतर पुरते पंचवीस किलोमीटरही नाही. सरकारदरबारी त्या गावाचे नाव २००३ सालापासून डॉ. आंबेडकर नगर झाले आहे. तरी बसवाला अजून ‘महू, महू’ असाच पुकारा करतो आणि माझ्याही तोंडात तेच बसले आहे. आमच्या जुन्या मराठी घरांतून महूची ओळख किती, हे वाचकांना ठाऊक आहे. महू म्हणजे छावणी. महू म्हणजे पावसाळ्यात पाताळपाणीचा धबधबा पाहायला जाताना वाटेत लागणारे गाव. त्यापलीकडे आपण फारशी चौकशी केली नाही.

मीही त्याच समजुतीत वाढलो. वडील होळकर दरबारात पखवाज वाजवीत. नानासाहेब पानसे यांनी या शहरात पखवाजाची जी परंपरा घालून दिली, तिच्यातलाच त्यांचा हात. मी त्यांचे उतारवयातले अपत्य, त्यामुळे दरबार मी पाहिला नाही. दरबारच्या गोष्टी मात्र पोटभर ऐकल्या. त्या गोष्टींत महू फारसे येत नसे. एकदाच आले. पण ते पुढे सांगतो.

महूला माझी एक विद्यार्थिनी आहे. वय वर्षे बारा, आवाज गोड आणि तालाला पक्की. शिकवणी चालू असता तिचे आजोबा पलीकडच्या खुर्चीवर डोळे मिटून बसतात. महार रेजिमेंटच्या बँडमध्ये त्यांनी क्लॅरिनेट वाजविले, हवालदार होऊन निवृत्त झाले आणि महूला घर करून राहिले. मूळ गाव पुरंदर तालुक्यातले. आता वय पंच्याहत्तरीच्या पुढे आणि उजव्या हाताला कंप. क्लॅरिनेट कपाटावर पेटीत बंद आहे. पण नातीचा कोमल निषाद जरा चढला की हवालदार डोळे न उघडता बोट वर करतात, आणि तो चढलेला असतोच.

गेल्या श्रावणात एके संध्याकाळी शिकवणी आटोपल्यावर ते म्हणाले, “मास्तर, दहा मिनिटं आहेत का? एक अर्ज लिहायचा आहे. माझा हात चालत नाही. आणि पोरांना टायपिंग येतं, अर्ज येत नाही.”

प्रकरण ऐकायला साधे होते. पेन्शनच्या कागदांत पत्नीचे नाव एक आणि आधार कार्डावर दुसरे. एक माहेरचे, दुसरे लग्नात सासरी ठेवलेले. जन्मतारखेतही दोन वर्षांचा फरक. हवालदार हयात आहेत तोवर काही अडत नाही. परंतु त्यांच्या मागे कुटुंबाला पेन्शन लागू व्हायची वेळ आली की त्या बाईंना आधी आपण आपणच आहोत हे सिद्ध करावे लागणार. याबाबत दोन अर्ज पूर्वी झाले होते. पहिल्याला उत्तर आले नाही. दुसऱ्याला आले ते असे, की नोंदी जुळत नाहीत. नोंदी जुळत नाहीत हेच तर अर्जात लिहिले होते!

काकू चहा घेऊन आल्या होत्या. त्या म्हणाल्या, “नाव माझं चुकलंय आणि पळापळ यांची चाललीय.” हवालदार हसले नाहीत. “मी असेपर्यंत पळतो,” ते म्हणाले, “मी गेल्यावर हिनं कुणाच्या दारात उभं राहायचं?”

मी कागद पुढे ओढला आणि माझ्या समजुतीप्रमाणे सुरुवात केली. मी एक वृद्ध व गरीब माजी सैनिक असून, मायबाप सरकारने कृपावंत होऊन मजवर दया करावी, अशा चालीवर दोन ओळी लिहून वाचून दाखविल्या.

“खोडा ते, मास्तर,” हवालदार म्हणाले. “दया-बिया नको. आधी नोकरी लिहा. कुठल्या साली भरती झालो, किती वर्षं केली, कुठं कुठं होतो. मागणी खाली.”

माझा हात थांबला. आधी नोकरी, मग मागणी. हे शब्द मी पूर्वी ऐकले होते, तेही आमच्याच घरात, वडिलांच्या तोंडून.

१९४८ साली होळकर संस्थान मध्यभारतात विलीन झाले, तेव्हा वडील ऐन पंचविशीतले होते आणि दरबारच्या नोकरीला त्यांची आठ वर्षे झाली होती. राज्य गेल्याचे दुःख ज्यांचे राज्य त्यांना. आमच्या घरी प्रश्न पगाराचा होता. कारकून नव्या कचेऱ्यांतून सामावले गेले. पखवाज वाजविणाऱ्याला आपला म्हणेल असे खाते कुठले? वडिलांना शेकडो परणी तोंडपाठ होत्या, पण सरकारला अर्ज कसा करतात ते ठाऊक नव्हते.

तेव्हा त्यांना अर्ज लिहून दिला तो महूच्या एका गृहस्थाने. वडील त्यांना ‘महूवाले’ एवढेच म्हणत. पहिल्या महायुद्धात ते पलटणीत भरती झाले होते. ती पलटण मोडल्यावर छावणीतच कुठेशी कारकुनी करून म्हातारे झाले. जातीने महार. पखवाजाचे विलक्षण वेड. गणपतीच्या दिवसांत आमच्याकडे बैठक होई तेव्हा महूहून येत आणि ओट्यावर, दाराच्या बाहेर, भिंतीला टेकून बसत. आत कोणी बोलाविले नाही, आणि त्यांनीही उंबरा ओलांडला नाही. पहाटे बैठक उठली की चौकटीबाहेरून नमस्कार करून निघून जात.

त्या काळी तसेच होते, असे आपण म्हणतो. वडीलही म्हणत. परंतु उतारवयात हे वाक्य म्हणताना त्यांचा आवाज खाली जाई.

“अर्ज त्यांनी ओट्यावर बसून लिहिला,” वडील मला सांगत होते, “मी उंबऱ्याच्या आत बसून मजकूर सांगत होतो. माझा मजकूर सगळा रडगाण्याचा. त्यांनी मला चार गोष्टी सांगितल्या. आधी नोकरी, मग मागणी. रडायचे नाही. प्रत्येक गोष्टीला तारीख किंवा हुकूम जोडायचा. आणि नक्कल ठेवायची.”

ती नक्कल वडिलांनी पखवाजाच्या पेटीत ठेवली. पुढे काही वर्षांनी थोडी रक्कम एकदम हातात पडली. घरात पाटा-वरवंट्यापासून शिवणयंत्रापर्यंत जे काही त्या पैशांत आले, ते ‘अर्जाचे’ म्हणूनच ओळखले जाई. ही हकिगत ऐकली तेव्हा मी विशीत होतो. मी सहज विचारले, की त्यांना एवढे अर्जाचे ज्ञान कुठून आले? वडील म्हणाले, “त्यांच्या लोकांनी आपल्याहून पुष्कळ जास्त अर्ज केले आहेत.” मी वाक्य ऐकले आणि सोडून दिले.

हवालदारांच्या घरी ते वाक्य माझ्याकडे परत आले. त्यांना विचारले तेव्हा ते म्हणाले, “आमच्यात अर्ज लिहायची चाल जुनी आहे, मास्तर. सासवडचा अर्ज, जेजुरीचा अर्ज. तुम्ही वाचलं नाही?” मी वाचले नव्हते. त्यानंतर वाचले, आणि जे कळले ते आपल्या शहरातल्या जुन्या घरांनी ऐकावे म्हणून हा लेख लिहायला बसलो आहे.

या गोष्टीचे मूळ जिथे आहे तिथेच आपल्या शहराच्या भाग्याचेही आहे. २१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूरला होळकरांची फौज इंग्रजांपुढे हरली. अकरा दिवसांनी, १ जानेवारी १८१८ रोजी, भीमेकाठी कोरेगावची लढाई झाली. ६ जानेवारीला मंदसोरचा तह झाला. इंदूर होळकरांची राजधानी झाली आणि महूला इंग्रजांची छावणी बसली. म्हणजे इंदूर आणि महू ही एकाच वर्षाची दोन भावंडे आहेत. एकाला राजवाडा मिळाला, दुसऱ्याला कवायतीचे मैदान.

मुंबई इलाख्याच्या फौजेत त्या काळी महार शिपाई पुष्कळ होते. कोरेगावच्या स्तंभावर कोरलेल्या मृत शिपायांत ‘नाक’ या अक्षरांनी संपणारी जी बावीस नावे आहेत, ती त्यांची. आपल्यापैकी कित्येकांचे पूर्वज समोरच्या बाजूला होते हे लपविण्याचे कारण नाही. शिपाई ज्याचे मीठ खातो त्याच्याशी इमान राखतो. हा न्याय आपण होळकरांच्या शिपायाला लावतो, तोच त्यांनाही लावला पाहिजे.

गावात ज्याला विहिरीवर पाणी नव्हते आणि चावडीवर बसायला जागा नव्हती, त्याला पलटणीत तीन गोष्टी मिळाल्या. नियमित पगार मिळाला. म्हातारपणी पेन्शन मिळाली. आणि तिसरी, जिच्यामुळे पुढचे सगळे घडले, ती म्हणजे शाळा. पलटणीत शिपायाला लिहिणे-वाचणे शिकवीत, आणि त्याच्या मुलाबाळांनाही शिकवीत. डॉ. आंबेडकरांचे आजोबा मालोजी फौजेत होते. वडील रामजी सकपाळ हे सुभेदार. लष्करी शाळेत ते चौदा वर्षे मुख्याध्यापक होते. याच महूच्या छावणीत १४ एप्रिल १८९१ रोजी बाबासाहेबांचा जन्म झाला.

आणि पुढल्या दोनएक वर्षांतच फौजेचे दार मिटले. लॉर्ड रॉबर्ट्स सेनापती असताना लढाऊ जाती आणि बिनलढाऊ जाती अशी एक विद्या सरकारात प्रबळ झाली होती. पलटणी जातवार बांधण्याचे ठरले. वरच्या जातींचे शिपाई महार अंमलदाराचा हुकूम मानणार नाहीत, अशीही सबब पुढे करण्यात आली. पिढ्यानपिढ्यांच्या चाकरीनंतर महारांची भरती थांबली ती कोणत्या अपराधाबद्दल नव्हे, तर कुठल्याशा कचेरीत कोणी एक यादी केली आणि तिच्यात त्यांचे नाव आले नाही म्हणून.

भरती थांबणे म्हणजे काय, ते हिशेबाने समजून घेतले पाहिजे. पगार गेला, पुढची पेन्शन गेली, आणि शाळाही गेली. ज्या मुलाने छावणीत मुळाक्षरे गिरवायची, तो पुन्हा गावात वेसकराची काठी धरणार. हे नुकसान ज्यांनी ओळखले ते फौजेतूनच निवृत्त झालेले, लिहिणारे-वाचणारे लोक होते. मग त्यांनी अर्ज लिहायला घेतला.

महाडजवळच्या रावढूळचे गोपाळबाबा वलंगकर फौजेतून १८८६ साली निवृत्त झाले आणि दापोलीस राहिले. तिथे त्यांनी ‘अनार्य दोषपरिहारक मंडळी’ स्थापली. १८९४ साली त्यांनी भरती पुन्हा खुली करावी यासाठी अर्ज तयार केला. त्यात आपल्या लोकांच्या फौजेतील चाकरीचा दाखला होता, आणि आम्ही मूळचे क्षत्रिय आहोत हा दावाही होता. रामजी सुभेदारही याच विवंचनेत होते. भरतीबंदीविरुद्धचा अर्ज लिहून मिळावा म्हणून ते न्यायमूर्ती रानड्यांकडे गेले होते, असे बाबासाहेबांचे चरित्रकार सांगतात. निवृत्त झाल्यावर रामजीही काही काळ दापोलीस जाऊन राहिले. त्या गावी पेन्शनरांची वस्तीच होती. हातात कवायतीची शिस्त, अंगी अक्षर-ओळख आणि मनात एकच सल.

त्यानंतरची पिढी शिवराम जानबा कांबळे यांची. पुण्यात मेसॉनिक हॉलमध्ये ते बटलरची नोकरी करीत. ‘सोमवंशीय मित्र’ नावाचे पत्रही त्यांनी चालविले. १९०३ साली त्यांनी सासवडला एक्कावन्न गावांच्या महारांची सभा भरविली, आणि तिथून निघालेल्या अर्जावर १,५८८ जणांनी सह्या केल्या. फोन नाही, मोटार नाही. पुरंदरच्या डोंगरातून गावोगाव फिरून इतक्या सह्या आणि अंगठे गोळा करणे म्हणजे काय, याचा अंदाज सार्वजनिक गणपतीची वर्गणी गोळा करणाऱ्यालाही बांधता येईल. हवालदार म्हणतात, त्यांच्या पणजोबांचाही अंगठा त्यात होता. कागद त्यांच्यापाशी नाही. घरात बोलणे चालत आले आहे, एवढाच त्याला आधार.

मग १९१० सालचा जेजुरीचा अर्ज. होळकरांचे कुलदैवत खंडोबा, आणि जेजुरीच्या दगडी बांधकामाला होळकरांचा हात लागलेला. आपल्यातली किती घरे अजून नवस फेडायला जातात! त्याच जेजुरीत दख्खनच्या महारांची परिषद भरली, आणि तिच्या वतीने विलायतेला भारतमंत्री लॉर्ड क्रू यांच्याकडे अर्ज रवाना झाला. मागणी किती लहान पाहा. मोठे राजकीय अधिकार आम्हाला नकोत. सरकारी नोकरीतल्या खालच्या जागा, पोलीस शिपायाची जागा आणि फौजेतल्या शिपायाची जागा आमच्यासाठी खुली असावी. आमच्यातले लोक पूर्वी जमादार झाले, सुभेदार झाले, हे सरकारच्याच दप्तरात आहे.

या अर्जांत इंग्रजी राज्याची स्तुती आहे, राजनिष्ठा आहे. आजच्या वाचकाला ती खुपते. पण वाचकहो, आपल्या आजोबा-पणजोबांनी महाराजांना केलेल्या अर्जांचे मायने एकदा उघडून पाहा. तिथे काय वेगळे आहे? मायना हा अर्जाचा षड्ज. तो लागल्याशिवाय दरबारात पुढचे ऐकत नाहीत. खरा अर्ज मायन्याच्या खाली सुरू होतो. आणि तिथे या लोकांनी भीक मागितलेली नाही. आम्ही इतकी वर्षे चाकरी केली, तिचा हिशेब तुमच्याच वहीत आहे, तो पाहा आणि मग आम्हाला नालायक म्हणा, असा तो सूर आहे. आधी नोकरी, मग मागणी. महूवाल्यांना हे कुठून आले, त्याचे उत्तर मला असे वडिलांच्या मागे मिळाले.

या अर्जांना यश आले काय? तेव्हा आले नाही. पुढे जर्मनीशी युद्ध सुरू झाले, माणसे कमी पडू लागली, तेव्हा १९१७ साली ‘१११ वी महार’ ही पलटण उभी राहिली. युद्ध संपले आणि १९२१ साली ती मोडली. दुसरे महायुद्ध आले. डॉ. आंबेडकरांनी मागणी लावून धरली, आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी झाली. म्हणजे वलंगकरांच्या अर्जाला सत्तेचाळीस वर्षांनी उत्तर आले, आणि तेही सरकारला गरज पडली तेव्हा. जी जात लढाऊ नाही असे १८९२च्या सुमारास ठरले होते, ती १९१७ साली लढाऊ झाली, १९२१ साली पुन्हा बिनलढाऊ झाली आणि १९४१ साली परत लढाऊ! माणसे तीच होती. गरज बदलत होती.

ही रेजिमेंट आज आपल्या मध्यप्रदेशातच, सागरला आहे. जनरल कृष्णराव आणि जनरल सुंदरजी हे दोन सरसेनापती याच रेजिमेंटमधून वर आले. १९८७ साली श्रीलंकेत धारातीर्थी पडलेले परमवीरचक्राचे मानकरी मेजर रामस्वामी परमेश्वरन याच रेजिमेंटचे. त्यात आता सर्व जातींचे जवान आहेत. यादी करणारी ती कचेरी आज कुठे आहे?

परंतु अर्जाचे फळ केवळ मंजुरीत मोजू नये, असे मला आता वाटते. अर्ज फेटाळला गेला तरी तो लिहिणारा माणूस पूर्वीसारखा राहत नाही. आपली तक्रार सांगायची तर ती आधी नीट मांडावी लागते. मांडायची तर साल, जागा, हुकूम शोधावे लागतात. शोधले की कळते, आपले नशीब फुटके नाही, कोणीतरी आपले देणे लागतो. रामजी सुभेदारांच्या घरात हे बोलणे चालत असताना एक मूल वाढत होते. त्याच मुलाच्या अध्यक्षतेखाली पुढे घटनेचा मसुदा झाला. त्या घटनेतल्या बत्तिसाव्या कलमाने हक्क डावलला गेल्यास थेट सर्वोच्च न्यायालयाचे दार वाजविता येते, आणि बाबासाहेबांनी त्या तरतुदीला घटनेचा आत्मा मानले. तीनशे पन्नासावे कलम त्यामानाने कमी लोकांना ठाऊक आहे. कोणत्याही माणसाला आपल्या तक्रारीचे निवारण व्हावे म्हणून केंद्राच्या किंवा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे, तिथे वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत अर्ज करता येईल, असे ते सांगते. बापाच्या पिढीने विनंती म्हणून लिहिले, मुलाच्या पिढीने ते हक्क म्हणून लिहून ठेवले.

म्हणून सैनिकांना आज अर्ज करावे लागत नाहीत असे मात्र नाही. एकाच हुद्द्यावर सारखीच वर्षे नोकरी केलेल्या दोघांना, केवळ निवृत्तीचे साल वेगळे म्हणून वेगळी पेन्शन का, हा प्रश्न माजी सैनिकांनी कित्येक वर्षे लावून धरला. त्यांचा अर्ज राज्यसभेच्या याचिका समितीपुढे गेला. भगतसिंग कोश्यारी त्या समितीचे अध्यक्ष होते, आणि डिसेंबर २०११ मध्ये समितीने अर्जदारांच्या बाजूने अहवाल दिला. तरी जून २०१५ मध्ये म्हाताऱ्या सैनिकांना दिल्लीत जंतरमंतरवर बसावे लागले. आमचे हवालदारही चार दिवस जाऊन आले. नोव्हेंबर २०१५ मध्ये ‘समान हुद्दा, समान पेन्शन’ योजनेचा हुकूम निघाला, तो १ जुलै २०१४ पासून लागू. तिच्यातल्या उणिवांबद्दल प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. मार्च २०२२ मध्ये न्यायालयाने सरकारची योजना वैध ठरविली; पण दर पाच वर्षांची फेरआकारणी १ जुलै २०१९ पासून करून थकबाकी तीन महिन्यांत द्यावी, असेही फर्माविले. सैनिकांच्या नोकरीच्या तक्रारींसाठी स्वतंत्र न्यायाधिकरणाचा कायदा २००७ साली झाला आहे. दारे आहेत. पण त्या दारांपर्यंत जायला कागद लागतो, आणि कागद लिहायला माणूस लागतो.

आता पुन्हा त्या संध्याकाळकडे येतो. हवालदारांचा अर्ज मी नव्याने लिहिला. भरतीचे साल, पलटण, सीमेवरची वर्षे, बँडमधली वर्षे, निवृत्तीचा हुकूम. रडगाणे एका शब्दाचे नाही. शेवटी तीन ओळींची मागणी : नावात व जन्मतारखेत दुरुस्ती व्हावी, सोबत विवाहाचा दाखला, शाळेचा दाखला, शपथपत्र. वाचून दाखविला. हवालदार डोळे मिटून ऐकत होते. एका ठिकाणी त्यांचे बोट वर झाले. बदलीची तारीख चुकली होती.

सही त्यांनी स्वतः केली. कंप सुटलेल्या हाताने पाच अक्षरांना बराच वेळ लागला, आणि आम्ही सगळे गप्प बसून राहिलो. मग ते म्हणाले, “खाली तुमचं नाव घाला, मास्तर. ‘लिहिणार’ म्हणून. लिहिणाऱ्याचं नाव असावं. उद्या कुणी विचारलं तर कुणी लिहिलं ते कळायला नको?”

मी नाव घातले.

रात्री घरी आल्यावर वडिलांची पखवाजाची पेटी उघडली. पखवाज आता कोणी वाजवीत नाही. शाई सुकून तिला तडे गेले आहेत. तळाशी घडी करून ठेवलेली ती नक्कल होती. कागद पिवळा, घडीवर विरलेला, अक्षर मात्र वळणदार आणि एका रेषेत, जणू कवायतीला उभे केलेले. आधी नोकरी : दरबारात कोणत्या साली लागलो, कोणत्या सणांना आणि कोणत्या पाहुण्यांपुढे वाजविले, पगार किती. मग मागणी. खाली वडिलांची सही. मी कागद दिव्याखाली धरला, उलटा करून पाहिला, समासही पाहिले. लिहिणाऱ्याचे नाव कुठे नाही.

वडिलांना ते नाव ठाऊक असले पाहिजे. मी कधी विचारले नाही. ज्या माणसाने आमच्या घराचा हिशेब सरकारपुढे इतका चोख मांडला, त्याचा हिशेब आमच्या घरात कोणी ठेवला नाही. तो ओटाही आता राहिला नाही. रस्ता रुंद झाला तेव्हा तो पाडला गेला.

इंदूरच्या, देवासच्या, धारच्या जुन्या घरांतून अशा पेट्या पुष्कळ असतील. त्यांत सनदा असतात, तसबिरी असतात आणि तळाशी एखादा अर्जही असतो. वाचकहो, तो कधी सापडलाच तर कोणी केला एवढेच पाहू नका, कोणी लिहिला तेही पाहा. आणि घरातले एखादे वडीलधारे माणूस सांगायला अजून बसले असेल, तर आजच विचारून घ्या.

हवालदारांच्या अर्जाची पोच आली आहे. उत्तर यायचे आहे. त्याची नक्कल मी दोन प्रतींत केली; एक त्यांच्या क्लॅरिनेटच्या पेटीत आहे, दुसरी वडिलांच्या पखवाजाच्या पेटीत.